खेळांतर

मनुष्य ज्या विद्येत पदवी मिळवितो तिच्यावरच त्याचा चरितार्थ चालतो असे नाही, हे या मासिकाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. आम्ही इतिहास घेऊन बी. ए. झालो आणि आमच्या हाती आल्या त्या प्रवासभत्त्याच्या बिलांच्या फायली. आमच्या शेजारच्या मेजावरील गृहस्थ रसायनशास्त्राचे पदवीधर. ते गेली कित्येक वर्षे इतरांच्या रजांचा हिशेब ठेवीत आहेत. घरापासून दूर, परप्रांतात, रविवारी चार मराठी मंडळी चहाला एकत्र जमली म्हणजे ‘शिकलो ते वाया गेले’ ही हळहळ केव्हा ना केव्हा तरी कोणाच्या तोंडून निघतेच. शिकलेले खरोखर वाया जाते का, याचे उत्तर आम्ही बरेच दिवस शोधीत होतो. ते जेथे सापडले ते ठिकाण अगदीच अनपेक्षित होते. ते म्हणजे अमेरिकेतील दोन खेळांचा इतिहास. महाविद्यालयात बास्केटबॉल खेळून नाव मिळविलेले काही तरुण पुढे धंदेवाईक फुटबॉलमध्ये कसे गेले आणि तेथे कसे स्थिरावले, त्याची ही हकीकत आहे.

प्रथम खेळांची ओळख करून देणे इष्ट. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू लांबट असतो आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. अकरा गडी एका बाजूला, अकरा दुसऱ्या बाजूला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हवाली करावयाचा. चेंडू घेऊन धावणाऱ्याला कवेत धरून जमिनीवर पाडणे हा या खेळाचा प्राण आहे. बास्केटबॉल याच्या अगदी उलट. तो आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांतून सर्वांनी पाहिलेला आहे. त्यात प्रतिस्पर्ध्याला धक्का दिला तरी शिट्टी वाजते. एका खेळातला धर्म तो दुसऱ्यातला अधर्म, असे हे नाते दिसते.

परंतु मुळाशी गेले म्हणजे असे दिसून येते की हे दोन खेळ परस्परांचे परके नव्हेत. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ हे मूळचे कॅनडाचे. ते मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या शिक्षण-विद्यालयात आले आणि तेथील फुटबॉल संघातून अमॉस अलोंझो स्टॅग यांच्या हाताखाली खेळले. हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली जात व विद्यार्थी कवायतीला कंटाळत. त्यांच्यासाठी घरात खेळता येईल असा खेळ काढण्याचे काम १८९१ साली नेस्मिथ यांच्याकडे आले. त्यांनी विचार केला तो असा : फुटबॉलमध्ये मारामारी होते, कारण चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडावे लागते, तेव्हा चेंडू घेऊन धावण्याचीच मनाई केली तर पाडण्याचे कारण उरणार नाही. डिसेंबरमध्ये त्यांनी तेरा नियम लिहून काढले आणि व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन करंड्या टांगल्या. म्हणजे बास्केटबॉल हा फुटबॉलच्या आडदांडपणाला दिलेला उतारा होता, आणि तो देणारा वैद्य स्वतः फुटबॉल खेळलेला होता.

पुढे फुटबॉलही बदलला. त्या खेळात विद्यार्थी जायबंदी होऊ लागले, काही प्राणास मुकले. १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना प्रमुख महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना बोलावून घ्यावे लागले. १९०६ पासून चेंडू पुढच्या दिशेला फेकण्यास परवानगी मिळाली. ही सुधारणा वरकरणी लहान दिसते. परंतु तिने खेळात एक नवाच मनुष्य आणला. केवळ बलदंड असून आता भागेना. धावता धावता वळून, हवेत उडी घेऊन, अंगावर दुसरा लोंबकळत असताना चेंडू झेलणारा मनुष्य हवा होता. आणि अशा झेल घेणाऱ्याला अडविणाराही हवा होता. हे शिक्षण ज्या शाळेत आधीपासून मिळत होते ती शाळा म्हणजे बास्केटबॉल. दोन खेळांमधली भिंत येथे पहिल्यांदा सच्छिद्र झाली, असे आम्ही समजतो.

या वाटेवरील आरंभीच्या थोर प्रवाशांपैकी ऑटो ग्रॅहम हा एक. इलिनॉय राज्यातील वॉकीगन येथे १९२१ साली त्याचा जन्म झाला. आईवडील संगीताचे शिक्षक. मुलगाही अनेक वाद्ये वाजवी. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात तो गेला तो बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर. तेथे विद्यार्थ्यांच्या आपापसांतील एका साध्या फुटबॉल सामन्यात त्याला चेंडू फेकताना विद्यापीठाचे फुटबॉल-शिक्षक लिन वॉल्डॉर्फ यांनी पाहिले आणि त्यास आपल्या संघात ओढले. महायुद्ध संपल्यावर १९४५-४६ च्या हंगामात तो रॉचेस्टरच्या बास्केटबॉल संघातून खेळला व त्या संघाने आपल्या मंडळाचे अजिंक्यपद मिळविले. १९४६ सालीच तो क्लीव्हलंड ब्राउन्स या नव्या फुटबॉल संघाचा सूत्रधार झाला. त्यानंतरच्या दहा वर्षांत, म्हणजे १९५५ पर्यंत, हा संघ दहाही वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि सात वेळा विजयी झाला. दहा वर्षांत दहा अंतिम सामने! आमच्या वाचनात असे दुसरे उदाहरण नाही.

तथापि ग्रॅहम दोन्ही खेळ महाविद्यालयातच खेळला होता. खरे नवल पुढेच आहे. १९६० साली डॅलस काउबॉइज हा संघ निघाला. नव्या संघाला जुन्या नामांकित खेळाडूंची चणचण. म्हणून त्याचे हेर गिल ब्रँट यांनी दुसऱ्यांनी न धुंडाळलेले कोपरे धुंडाळण्यास आरंभ केला. त्यांपैकी एक कोपरा म्हणजे बास्केटबॉलची सभागृहे. यूटा स्टेट विद्यापीठाचा कॉर्नेल ग्रीन हा बास्केटबॉलचा राष्ट्रीय कीर्तीचा खेळाडू होता. महाविद्यालयात त्याने एकही फुटबॉल सामना खेळलेला नव्हता, आणि शिकागोच्या धंदेवाईक बास्केटबॉल संघाने त्याची निवडही केलेली होती. तरी १९६२ साली तो डॅलसला गेला. त्याच्याविषयी असे सांगतात की कमरेचे संरक्षक गादीपट्टे कसे घालतात हेही त्यास ठाऊक नव्हते. ते तो उलटेच बांधी. आम्हांस हे वाचून आमच्या पहिल्या दिवसाचे स्मरण झाले. त्या दिवशी आम्ही टिप्पणी फायलीच्या ज्या बाजूस लावावयाची नेमकी तिच्या विरुद्ध बाजूस लावली होती.

पण पट्टे उलटे असले तरी पाय सुलटे होते. बास्केटबॉलमध्ये बचाव करणारा गडी गुडघे वाकवून, प्रतिस्पर्ध्याच्या समोर राहून, मागे मागे सरकत जातो. त्याची नजर चेंडूवर नसून समोरच्याच्या कमरेवर असते, कारण डोके व खांदे फसवितात, कंबर फसवीत नाही. फुटबॉलमध्ये झेल घेणाऱ्याला अडविणाऱ्याचे काम नेमके हेच. ग्रीनने ते तेरा हंगाम केले. या अवधीत त्याने प्रतिपक्षाचे चौतीस चेंडू मधल्यामध्ये झेलले, पाच वेळा तो देशातील निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी निवडला गेला, आणि जानेवारी १९७२ मध्ये डॅलसने मायामीला २४-३ असे हरवून अजिंक्यपद मिळविले तेव्हा तो त्या संघात होता. निवृत्तीनंतर तो स्वतःच खेळाडू पारखणारा हेर झाला. ज्याला दुसऱ्याच्या दृष्टीने शोधून काढले, त्याने उरलेले आयुष्य दुसऱ्यांना शोधण्यात घालविले.

येथे एका भारतीयाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. खेळाडूंची पारख हेरांच्या लहरीवर न ठेवता गणितावर बसवावी, असे डॅलसचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांच्या मनाने घेतले. त्यासाठी त्यांनी आय. बी. एम. च्या एका संलग्न कंपनीतील संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी यांचे साहाय्य घेतले. कुरेशी हे भारतातून तिकडे गेलेले. अमेरिकन फुटबॉलशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. हा परका मनुष्यच या कामाला योग्य ठरला, कारण ‘चांगला खेळाडू’ म्हणजे काय, हे त्याला प्रत्येकास विचारूनच घ्यावे लागले. अखेर शिल, चपळाई व शरीरावरील ताबा, ईर्ष्या, बुद्धीची तरतरी, आणि ताकद व उसळी असे पाच गुण ठरले व त्यांना अंक देण्याची पद्धत बसली. वाचकांनी हे पाच गुण पुन्हा एकदा वाचावे. त्यांतील एकही केवळ फुटबॉलचा नाही. खेळाडूच्या अंगी जे मूळ भांडवल असते ते कोणत्याही एका खेळाच्या मालकीचे नसते, ही गोष्ट गणितानेच सिद्ध केली असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकणे इतिहासलेखकास शोभत नाही. मिशिगन स्टेटचा बास्केटबॉलपटू पीटर जेंट हाही १९६४ साली डॅलसला आला व पाच हंगाम झेल घेणारा गडी म्हणून खेळला. १९७३ साली त्याने ‘नॉर्थ डॅलस फॉर्टी’ ही कादंबरी लिहिली. वेदनाशामक औषधांवर उभी राहिलेली शरीरे, आणि खेळाडूला यंत्राचा सुटा भाग समजणारे मालक, हे तिचे विषय. ज्या अंकांनी मनुष्य शोधून काढता येतो त्याच अंकांनी तो निकामीही ठरविता येतो. एकाच संघाने, एकाच सुमारास, एकाच खेळातून आणलेल्या दोन माणसांपैकी एकाला तेथे घर मिळाले आणि दुसऱ्याला कादंबरीचा विषय. ‘बदली मानवली’ आणि ‘बदली मानवली नाही’ असे आमच्या बोलण्यात येते, ते येथेही लागू पडते.

आता ज्याच्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला त्याच्याकडे वळू. अँटोनियो गेट्स याचा जन्म १९८० साली डेट्रॉइट येथे झाला. शाळेत तो दोन्ही खेळांत अग्रेसर. मिशिगन स्टेट विद्यापीठाने त्यास घेतले खरे. परंतु तेथील फुटबॉल-शिक्षक निक सेबन यांची इच्छा अशी की त्याने केवळ फुटबॉलच खेळावा. गेट्सचा जीव बास्केटबॉलवर होता. त्याने विद्यापीठ सोडले. मग ईस्टर्न मिशिगन, तेथून कॅलिफोर्नियातील एक लहान महाविद्यालय, आणि अखेर ओहायो राज्यातील केंट स्टेट, अशी त्याची भ्रमंती झाली. चार शिक्षणसंस्था म्हणजे चार वसतिगृहे आणि चार वेळा नव्याने ओळख करून घेणे. बाहेरून पाहणाऱ्यास हा तरुण हातचे गमावून बसला असे वाटले असल्यास नवल नाही.

केंट स्टेटचे नाव जगाला ठाऊक आहे ते ४ मे १९७० च्या दुर्दैवी दिवसामुळे. त्या दिवशी सैनिकांच्या गोळीबारात तेथील चार विद्यार्थी मारले गेले. त्या विद्यापीठाच्या वाट्याला २००२ साली आनंदाचा एक वसंत आला. राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत या अप्रसिद्ध संघाने ओक्लाहोमा स्टेट, अलाबामा आणि पिट्सबर्ग या मातब्बरांना एकामागून एक हरविले आणि अखेरच्या आठांत प्रवेश केला. तेथे इंडियानाने त्यांना रोखले. गेट्स या संघाचा आधारस्तंभ होता. पुढल्या वर्षी त्याचे शिक्षण संपत आले तेव्हा धंदेवाईक बास्केटबॉल संघांचे हेर त्याला पाहावयास येऊ लागले. आणि तेथे एक फूटपट्टी आडवी आली.

गेट्स सहा फूट चार इंच उंच होता. आपल्याकडे असा मनुष्य आगगाडीच्या डब्यात वाकून शिरेल. परंतु तो ज्या जागेवर, टोपलीच्या निकट, दांडगाईने खेळे, त्या जागेला धंदेवाईक खेळात सहा फूट आठ किंवा नऊ इंचांची माणसे लागत. लांबून नेम साधणाऱ्यांच्या जागेसाठी त्याचे शिक्षण वेगळे होते. तेव्हा मोठ्यांत लहान आणि लहानांत मोठा, अशी त्याची अवस्था. त्यातून बास्केटबॉलचा हिशेबच कृपण. पाच गडी मैदानात. त्या काळी एकोणतीस संघ, प्रत्येकाजवळ जेमतेम पंधरा माणसे. उलट फुटबॉलचे बत्तीस संघ, आणि प्रत्येकाच्या यादीत त्रेपन्न जागा. चढाईचे अकरा निराळे, बचावाचे अकरा निराळे. जेथे जागा अधिक तेथे अनोळखी मनुष्यावर पैज लावण्यास वाव अधिक, हे साधे कारण या साऱ्या स्थलांतरामागे आहे.

फुटबॉलवाल्यांनी गेट्सची परीक्षा घेतली. वार्षिक निवडीत कोणी त्याचे नाव पुकारले नाही. सात फेऱ्यांत अडीचशेहून अधिक तरुण निवडले गेले, त्यांत ज्याने महाविद्यालयात एकही फुटबॉल सामना खेळला नव्हता त्याचे नाव येणार तरी कसे? निवड संपल्यावर उरलेल्यांशी करार करण्यास संघ मोकळे असतात. त्या मार्गाने २००३ साली सॅन डिएगो चार्जर्सने त्याला घेतले. पहिल्या हंगामात त्याने चोवीस झेल घेतले. दुसऱ्या हंगामात, म्हणजे २००४ साली, एक्याऐंशी झेल व तेरा टचडाउन. त्याच्या जागेवरील कोणत्याही खेळाडूने तोवर एका हंगामात तेरा टचडाउन झेलले नव्हते.

ती जागा कोणती हे समजले म्हणजे नवल कमी होते. तिला ‘टाइट एंड’ म्हणतात. हा गडी चढाईच्या फळीच्या टोकाशी उभा असतो. कधी तो फळीतील इतरांप्रमाणे समोरच्याला रेटून धरतो, तर कधी निसटून पुढे जाऊन चेंडू झेलतो. झेलावयाचा तोही बहुधा गर्दीत, पाठीशी कोणीतरी चिकटलेले असताना. आता बास्केटबॉलकडे पाहा. नेम चुकून चेंडू कड्यावरून उसळला म्हणजे तो हस्तगत करण्यासाठी अनुभवी खेळाडू प्रथम उडी घेत नाही. तो प्रथम पाठीने प्रतिस्पर्ध्याला मागे दाबून जागा धरतो आणि मग वर पाहतो. जागा आधी, झेल नंतर. गेट्सने हेच केले. तो अतिशय वेगवान नव्हता. तो आपले धिप्पाड शरीर चेंडू आणि प्रतिस्पर्धी यांच्यामध्ये घाली. फुटबॉलच्या शाळेत वाढलेल्यांना ही युक्ती पुस्तकात शिकविली नव्हती, म्हणून ती त्यांना लवकर उमगली नाही. जी उंची एका दारात अपुरी ठरली ती दुसऱ्या दारात भरपूर झाली. मनुष्य तोच, फूटपट्टीही तीच. बदलले ते दार.

सोळा हंगाम तो एकाच संघाकडे राहिला. २०१७ साली संघ लॉस एंजेलिसला गेला तेव्हा तोही गेला. एकंदर ९५५ झेल आणि ११६ टचडाउन. टचडाउनांचा हा आकडा त्याच्या जागेवरील सर्वांत मोठा आहे. त्यापूर्वीचा १११ चा विक्रम टोनी गोन्झालेझ याचा. त्यानेही कॅलिफोर्निया विद्यापीठात फुटबॉलबरोबर बास्केटबॉल खेळला होता. त्यानंतर याच वाटेने जिमी ग्रॅहम आला. मायामी विद्यापीठात चार वर्षे बास्केटबॉल, एकच वर्ष फुटबॉल, आणि २०१० साली तिसऱ्या फेरीत निवड. ज्याची १९६२ साली गंमत वाटली ती गोष्ट आता पद्धत झाली. आज फुटबॉलचे हेर बास्केटबॉलच्या सामन्यांना नेमाने जाऊन बसतात.

या कथेत सारे गोडच आहे असे नाही. गेट्सला अजिंक्यपद कधीच लाभले नाही. २०१५ साली निषिद्ध द्रव्यांविषयीचा नियम मोडल्याबद्दल त्याला चार सामने बाहेर बसावे लागले, हाही डाग नोंदविला पाहिजे. आणि त्याचे अनुकरण करू गेलेले कितीतरी बास्केटबॉलपटू सरावाच्या छावणीतूनच परतले. त्यांची नावे कोणी लिहून ठेवीत नाही. इतिहास यशस्वी बदल्यांचाच लिहिला जातो.

ओहायोच्या ईशान्य कोपऱ्यातील कँटन या गावी १९२० साली धंदेवाईक फुटबॉलच्या मंडळाची स्थापना झाली. तेथेच १९६३ पासून थोर खेळाडूंचे स्मृतिमंदिर उभे आहे. केंट तेथून जवळच, क्लीव्हलंडही फारसे लांब नाही. ऑटो ग्रॅहमचा तेथे १९६५ साली गौरव झाला. गेट्सचे नाव २०२४ साली विचारार्थ आले व मागे पडले. २०२५ मध्ये मात्र निवड झाली आणि ऑगस्टमध्ये त्याचा अर्धपुतळा तेथे बसला. ज्या गावापासून हाकेच्या अंतरावर तो बास्केटबॉल खेळला, त्याच गावात तो फुटबॉलचा मानकरी म्हणून परत आला. मधल्या प्रवासाला बावीस वर्षे लागली.

आरंभीच्या प्रश्नाकडे आता यावयास हवे. शिकलेले वाया जाते का? या इतिहासावरून आम्हांस असे दिसते की ते वाया जाते किंवा जात नाही हे शिकलेल्यावर अवलंबून नाही. गेट्सच्या अंगी असलेली विद्या कॉलेजात जेवढी होती तेवढीच सॅन डिएगोस होती. परंतु ती ओळखणारा कोणी तेथे होता, आणि नव्या ठिकाणी नवशिक्या म्हणून उभे राहण्याची लाज त्याला वाटली नाही. गादीपट्टे उलटे बांधणारा ग्रीनही हसणाऱ्यांबरोबर मैदानावर टिकून राहिला. हेराची दृष्टी आपल्या हाती नाही. नवशिकेपण पत्करणे तेवढे आपल्या हाती आहे.

परवा कार्यालयात एका जुन्या वादाचे प्रकरण निघाले. पंचवीस वर्षांचे कागद, तारखांचा गोंधळ, एक पत्र दुसऱ्याच्या विरुद्ध. आम्ही ते दोन दिवस घेऊन बसलो, कालक्रम लावला, कोणते पत्र आधीचे आणि कोणते मागाहून घातलेले हे ताडून पाहिले, आणि टिप्पणी वर पाठविली. साहेबांनी तीवर केवळ सही केली. काही बोलले नाहीत. पण शेजारचे रसायनवाले गृहस्थ चष्मा वर सरकवून म्हणाले, “हे तुम्ही कुठे शिकलात हो?” आम्ही त्यांना सांगितले, इतिहासाच्या वर्गात.